उघडायचं नाही असं दार

किल्लीवाल्याने त्या रविवारी दुपारी तीनलाच शटर ओढलं, तेव्हा शेजारचा चष्मेवाला दचकला. त्याला वाटलं, कोणीतरी गेलं. कारण सुट्टी असो नसो, पाचच्या आत दुकान बंद करणारा हा माणूस नव्हे. वर अंगात इस्त्रीचा शर्ट. विचारलं तर म्हणाला, नाटकाला चाललोय. आता चष्मेवाला हसणार नाही तर काय करणार? सात वर्षांपूर्वी याच माणसाने, नाटक हा शब्द माझ्या घरात काढायचा नाही, असं इतक्या मोठ्या आवाजात बजावलं होतं की सगळ्या गल्लीने ऐकलं होतं.

दुकान म्हणजे काय, एका दाराएवढी जागा. भिंतभर खिळ्यांना लटकवलेल्या कोऱ्या किल्ल्या, एक किल्ली कापायचं यंत्र, आणि सगळीकडे पितळेचा बारीक कीस. तो कीस त्याच्या बोटांच्या रेघांत इतका मुरलेला की अंघोळीनेही निघत नसे. खिशात कायम एक चामड्याची पिशवी, सुपारी ठेवावी एवढी. तिच्यात किल्लीशिवाय कुलूप उघडायची चपटी पट्टी आणि टोकाला वाकवलेल्या चार तारा. लग्नाला जावो की दवाखान्यात, पिशवी बरोबर.

कामात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, पण त्या हाताला एक खोड होती. कुलूप उघडलं की लगेच दार ओढून पुन्हा लावून बघायचं. नीट लागतंय याची खात्री झाल्याशिवाय गिऱ्हाइकाला द्यायचं नाही. एकदा बाथरूममध्ये अडकलेल्या एका बाईंचं दार याने उघडलं, आणि त्या बाहेर पाऊल टाकणार तोच ओढून पुन्हा लावून बघितलं. बाईंनी आतून जे काही ऐकवलं ते इथे सांगण्यासारखं नाही. त्याने मात्र शांतपणे सांगितलं होतं की ताई, माझं डोकं नाही हो, हात करतो ते.

तर या माणसाची एकुलती एक लेक सात वर्षांपूर्वी घर सोडून गेली होती. अठरा वर्षांची होती. एका नाटकमंडळीने तिला निवडीसाठी बोलावलं होतं, सकाळी नऊला. आदल्या दुपारी बापाने तिच्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी बसवली, तिच्यात दुकानातलं सगळ्यात चांगलं कुलूप अडकवलं आणि समोर खुर्ची टाकून बसला. पोरगी ओरडली नाही, रडली नाही. फक्त दार वाजवत राहिली. दोनदा, मग थांबून एकदा. मधेच पाणी मागितलं. आता दार उघडलं तर ती निसटेल या धास्तीने याने तेही दिलं नाही. दुसऱ्या दिवशी दहा वाजता कुलूप काढलं. ती बाहेर आली, दोन पेले पाणी प्याली, आणि आठवड्याच्या आत गेली. आईला अधूनमधून फोन करायची. बापाशी शब्द नाही. चूक झाली हे त्याला त्याच आठवड्यात कळलं होतं, पण ते म्हणायला समोर कोणी नव्हतं.

आणि परवा टपालाने तिकीट आलं. सोबत चिठ्ठी: 'वाटलं तर या. मधे बोलू नका, कशाला हात लावू नका. संपल्यावर बोलू.' 'संपल्यावर बोलू' हे दोन शब्द त्याने किती वेळा वाचले असतील, त्याला गणती नाही. बायकोचे गुडघे गेलेले, तिला जिने चढवत नव्हते, म्हणून एकट्यानेच जायचं ठरलं. निघताना तिने त्याच्या शर्टाची कॉलर सरळ केली आणि सांगितलं, “ती रागावेल. रागावू द्या. तोंड मिटून सगळं ऐकून घ्या, आणि तिला घरी घेऊन या.”

नाटक थिएटरात नव्हतंच. नर्सबायकांचं एक बंद पडलेलं वसतिगृह होतं, तीन मजली, लांबलचक बोळांचं, त्यात होतं. खिडक्यांना आतून काळा कागद डकवलेला. बाहेर लख्ख ऊन आणि आत पाऊल टाकलं की मध्यरात्र. ओल्या चुन्याचा वास, फिनेलचा वास, आणि त्या दोन्हींच्या खाली आणखी कसला तरी, बरीच वर्षं न उघडलेल्या कपाटाचा येतो तसला. प्रेक्षक मोजून बारा. खुर्च्या नाहीत, पडदा नाही. एक ठेंगणी दिग्दर्शक बाई आली आणि सगळ्यांचे फोन एका टोपलीत घेऊन तिने नियम सांगितले.

हे एक घर आहे, ती म्हणाली. इथे तुम्ही पाहुणे. हवं तिथे हिंडा. घरातली माणसं तुमच्याशी बोलतील, काम सांगतील, कोणाला हात धरून नेतील. जे दार ढकलून उघडतं ते तुमचं, जे उघडत नाही त्याच्या वाटेला जायचं नाही. आणि मधूनमधून घंटा होईल. घंटा झाली की सगळे दिवे जातील. तेव्हा आहे तिथे उभं राहायचं आणि मनात दहा मोजायचे. तेवढ्यात आमची माणसं जागा बदलतात. दहा झाले की दिवे येतील.

एका जाड्या गृहस्थाने विचारलं की दहाच्या ऐवजी अकरा मोजले तर? लोक हसले. बाई हसली नाही. किल्लीवाल्याला हे सगळं पोरखेळच वाटत होतं, पण लेकीच्या घरी आल्यासारखा तो अंग चोरून उभा होता. हात पाठीमागे बांधलेले. कशाला लावायला नकोत म्हणून.

पहिला अर्धा तास तो नुसता हिंडला. एका खोलीत एक बाई चादरींच्या घड्या घालत होती. तिने याच्या हातात दोन टोकं दिली आणि इतक्या सहज नवऱ्याच्या तक्रारी सुरू केल्या की याला उत्तर द्यावंसं वाटू लागलं. दुसरीकडे त्या जाड्या गृहस्थाला एका म्हाताऱ्याने विमा एजंट ठरवून फैलावर घेतलं होतं आणि गृहस्थ खरोखर घामाघूम झाला होता. घंटा झाली. दिवे गेले. किल्लीवाल्याने दहा मोजले. अंधारात मऊ पावलं त्याच्या अंगाजवळून वाऱ्यासारखी गेली, आणि दिवे आले तेव्हा घड्यांवाली बाई गायब. चादरीची दोन टोकं याच्याच हातात. गंमत वाटली त्याला. आपली पोरगी असलं काही करते, आणि बरं करते, असं त्याच्या मनात आलं.

धंद्याचा माणूस, त्यामुळे दारांकडे लक्ष जाणारच. सगळी कुलपं बाजारातली हलकी, नावाला बसवलेली. चमच्याच्या दांड्याने उघडतील असली. फक्त तिसऱ्या मजल्यावर, बोळाच्या अगदी टोकाला एक दार होतं, त्याच्या लाकडातच बसवलेलं कुलूप जुनं, भरीव, वजनदार होतं. किल्लीच्या भोकाभोवतीचं पितळ झिजून गुळगुळीत झालेलं. आणि सगळी इमारत वर्षानुवर्षं बंद असताना याला मात्र तेल लागलेलं. कोणी घातलं असेल हे तेल, असं तो वाकून बघत होता, तेवढ्यात कोणीतरी त्याचं मनगट धरलं.

लेक होती. केस कापलेले, चेहरा आणखी बारीक झालेला, अंगात राखाडी झगा. डोळे तेच. त्याने तोंड उघडलं, पण ती मानेनेच नको म्हणाली. तिने त्याला त्या दारासमोर नेलं. तिथे एक लाकडी खुर्ची होती. ती खुर्ची बघितली आणि तो जागीच थबकला. हुबेहूब घरातल्यासारखी नव्हती, पण कशासाठी ठेवली आहे हे सांगावं लागलं नाही.

“बसा इथे,” ती म्हणाली. आधी नाटकातल्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “आत जी आहे ती दार वाजवेल. तिला उघडायचं नाही.” मग वाकून, त्याच्या कानाशी, स्वतःच्या आवाजात: “बाबा, आत कोणी नाही. टेबलावर स्पीकर आहे, बास. रोज एका प्रेक्षकाला मी इथे बसवते. आज तुम्ही बसा. पंधरा मिनिटं. मग मी येते आणि आपण बोलू.”

तो बसला. दुसरं काय करणार? सात वर्षं ज्या खुर्चीवरून तो मनाने उठला नव्हता, तीच तिने समोर ठेवली होती. शिक्षा म्हणा, परीक्षा म्हणा. पंधरा मिनिटं गप्प बसलं की लेक बोलणार होती, एवढंच त्याने धरून ठेवलं.

ती गेली. बोळातला दिवा मिणमिणता. मग आतून वाजलं. दोनदा, थांबून एकदा.

तोच ठेका, सात वर्षांपूर्वीचा. तरी त्याने स्वतःला समजावलं, टेप आहे, तिनेच भरलेली आहे, तिला ठेका माहीत असणारच. गुडघ्यांवर हात दाबून तो बसून राहिला. पुन्हा दोनदा, एकदा. मग आवाज आला. अठरा वर्षांच्या पोरीचा, कोरड्या घशाचा. “बाबा, पाणी.” तेही तिला ठाऊक असणार. टेपच. त्याच्या कपाळावर घाम आला, तो पुसायला त्याने खिशातून रुमाल काढला.

“घाम आला का, बाबा?” आतून विचारलं.

रुमाल तसाच राहिला. त्याने अगदी हळूच, पाय न वाजवता, खुर्ची जरा मागे सरकवली.

“जाऊ नका ना... मागच्या वेळी तुम्ही उठला तरी नव्हता.”

टेपला कसं दिसणार? टेपला कसं कळणार की खुर्ची हलली? पण खरं सांगायचं तर त्याला घाबरायला वेळच मिळाला नाही. आत कोण आहे हा प्रश्नच त्याला पडला नाही. दाराआड पोर पाणी मागतेय आणि आपण बसून आहोत, एवढंच. “थांब,” तो पुटपुटला, “थांब बाळा... उघडतो.” आणि पिशवी बाहेर निघाली.

जुनं कुलूप, तेल घातलेलं. पट्टी घातली, तारेने एकेक अडसर उचलला. एरवी असल्या कुलपाला दहा मिनिटं लागतात. हे मिनिटभरात सुटलं, जसं काही आतून कोणी मदत करत होतं. दार आत ढकललं गेलं आणि तो बंद कपाटाचा वास तोंडावर आला.

बोळातला उजेड आत हातभरच पोचत होता. त्या हातभरात एक टेबल, टेबलावर स्पीकर. आणि स्पीकरची वायर गुंडाळून, रबर लावून बाजूला ठेवलेली. कशालाच जोडलेली नव्हती. पलीकडे काळोख. त्या काळोखात, कोपऱ्यात, कोणीतरी उभं राहून श्वास घेत होतं.

“बाबा.”

हा आवाज पाठीमागून आला. बोळातून लेक धावत येत होती, आणि तिचा चेहरा असा तापलेला होता की त्याने मान खाली घातली. “हात लावू नका लिहिलं होतं ना मी? एवढं एकच मागितलं होतं.” ती त्याच्या अगदी समोर येऊन उभी राहिली. “जेव्हा उघडायला पाहिजे होतं तेव्हा उघडलं नाहीत. आणि आज उघडू नका म्हटलं, तर उघडलंत.”

तो म्हणाला, आत कोणीतरी आहे. तिने ऐकून घेतलं नाही. सात वर्षांचं सगळं साचलेलं त्या एका क्षणी तिच्या तोंडावर आलं होतं. त्याला बाजूला सारून ती खोलीत शिरली. “कोण आहे? बघा ना, डोळे उघडून बघा, कोण आहे इथे ते...”

आणि घंटा झाली.

दिवे गेले. एक, दोन, तीन. तो दारात उभा होता, एक हात चौकटीवर. चार. त्याच्या काखेखालून काहीतरी बाहेर गेलं. गार होतं, आणि त्या कपाटाचा वास होता त्याला. पाच, सहा. त्याला ओरडायचं होतं, लेकीला हाक मारायची होती. सात. आणि तेवढ्यात, अंधारात, त्याच्या हाताने दार ओढून घेतलं. तारेला उलटा पीळ दिला. आत खट् झालं. आठ. नऊ. नीट लागलं की नाही म्हणून हाताने दार ढकलूनही बघितलं.

दहा. दिवे आले.

लेक त्याच्या शेजारी बोळात उभी होती. राखाडी झगा, कापलेले केस. चेहऱ्यावर एक आठी नाही.

“चला बाबा,” ती म्हणाली. “घरी जाऊ.”

त्याला आधी काही समजेना. मग हायसं वाटलं, इतकं की डोळ्यांत पाणी आलं. “तू... आत गेली होतीस ना?”

“आले की बाहेर.”

“रागावलीस?”

“नाही. मी रागावले नाही.”

आणि आतून दार वाजलं. दोनदा-एकदा नव्हे. तळहाताने, धडाधड, दार बिजागऱ्यांतून निघेल असं. शब्द कळत नव्हते, जाड लाकडातून नुसता घुमत होता आवाज, पण हाक होती, आणि तीत संताप होता.

“स्पीकर आहे तो,” त्याच्या शेजारी उभी होती ती म्हणाली. “नाटकातलं आहे. चला.”

वायर त्याने बघितली होती. त्याच्याच डोळ्यांनी, रबर लावलेली. पिशवी हातात होती. मिनिटभराचं काम होतं. हे सगळं त्याला त्या क्षणी अगदी स्वच्छ कळत होतं, हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढे त्याने स्वतःला बरंच काही समजावलं. पण 'घरी' हा शब्द ऐकायला तो सात वर्षं जगला होता. आत जी होती ती रागावलेली होती, तिच्यासमोर उभं राहून सगळं ऐकून घ्यावं लागलं असतं. बाहेरची त्याचा हात धरून उभी होती. त्याने पिशवी खिशात टाकली. मागच्या जिन्याने दोघं खाली उतरले, तेव्हा वर दार वाजतच होतं.

बसमध्ये ती खिडकीशी बसली, पण बाहेर तिने एकदाही बघितलं नाही. त्याने माफी मागायचं ठरवलं होतं, कितीतरी वर्षं मनात घोळवलेली वाक्यं होती. पहिलंच वाक्य निम्मं झालं नाही तोवर ती म्हणाली, काही हरकत नाही बाबा. दुसऱ्यालाही तेच. तिसरं मग त्याने काढलंच नाही.

घरी आईने तिला घट्ट मिठी मारली आणि रडून घेतलं. ताट वाढलं, किती वाळलीस म्हणून ओरडली. पोरगी खाली मान घालून जेवली. आई बोलत होती आणि बोलता बोलता तिचं बोलणं कमी होत होतं, हे किल्लीवाल्याच्या लक्षात आलं. सहा महिन्यांत फोन नाही म्हणून तिने लेकीला टोचून बघितलं. लेक म्हणाली, चुकलं माझं. केस का कापलेस विचारलं, तर म्हणाली, वाढवते. शेवटी आईने विचारलं, उद्या परत जायचं असेल ना तुझ्या मंडळीत?

“नाही. बाबा म्हणतील तसं.”

आईचा वाढता हात थांबला. तिने नवऱ्याकडे बघितलं. त्याने पाण्याचा पेला उचलला.

जेवण झाल्यावर पोरगी आपणहून उठली आणि तिच्या जुन्या खोलीत गेली. साडेसातही झाले नव्हते. दार लोटून घेतलं आणि आतून म्हणाली, “बाबा, बाहेरून लावून घ्या ना. मला तशीच झोप लागते.”

दोघं नवराबायको एकमेकांकडे बघत स्वयंपाकघरात उभी राहिली. कोणी काही बोलायच्या आत बायकोचा फोन वाजला, आणि त्याने उचलला; त्याचा तर त्या टोपलीतच राहिला होता.

दिग्दर्शक बाई होती. थोडी वैतागलेली, थोडी काळजीत. तिने विचारलं, तुमची मुलगी तुमच्याबरोबर आली का? तो हो म्हणाला. बाई म्हणाली, मग ठीक आहे, शेवटच्या नमस्कारालाही नव्हती, पर्स, फोन, चपला सगळं इथेच आहे. पण तिला जरा विचारा, वरच्या खोलीतला तो आवाज बंद कसा करायचा? आम्ही सगळ्या इमारतीची वीज घालवली तरी वाजतोय. आणि त्या दाराला आमची किल्लीच लागत नाही. “ऐका,” ती म्हणाली, आणि तिने फोन जिन्याच्या दिशेने वर धरला असावा.

धडाधड. तळहाताने. तीन तास झाले होते आणि जोर तसाच होता.

बायकोने त्याच्या हातातून फोन ओढून घेतला आणि कानाला लावला. दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून ती ऐकत राहिली. सात वर्षांपूर्वीच्या त्या रात्री हिनेही भिंतीपलीकडून सगळं ऐकलं होतं, नवऱ्याच्या धाकाने मूग गिळून. तिचा चेहरा बघता बघता पांढरा पडला.

“ही आपली,” ती म्हणाली. अगदी हळू, शेजारच्या खोलीत ऐकू जाऊ नये म्हणून. “ही रागाने वाजवतेय. आपली पोरगी आहे ती. जा... आणि तिला घेऊन या.”

मग मात्र त्याला ढकलावं लागलं नाही. पिशवी खिशात आहे ना चाचपलं, बायकोकडून फोन घेतला आणि एका हाताने बूट चढवत तो बोलू लागला. बाईंना म्हणाला, दाराला हात लावू नका, तोडू नका, मी निघालोय, अर्ध्या तासात उघडतो. दाराशी तोंड नेऊन तिला ओरडून सांगा, बाबा येताहेत. सांगा, काय बोलायचं ते सगळं बोल, मी ऐकायला येतोय. त्याचा आवाज फुटला होता. लाज वाटली नाही त्याला.

आतल्या खोलीतून काही हालचाल नव्हती. बाई जिना चढत असल्याचा आवाज येत होता, तिला धाप लागली होती. वाजणं जवळ येत होतं. मग तिने दाराशी ओरडून निरोप सांगितला, त्याला इकडे स्पष्ट ऐकू आला. आणि वाजणं थांबलं.

“थांबलं,” बाई म्हणाली.

“ऐकलं तिने. काय म्हणते?”

“थांबा जरा... दार उघडतंय. आतूनच उघडलं वाटतं... हो. अहो, ही तर इथेच आहे. तुम्ही म्हणालात तुमच्याकडे...”

“कशी आहे ती? बाई, बोलतेय का? ओरडतेय का?”

“नाही हो, कुठे ओरडतेय? छान शांत आहे. हसतेय. तुमच्यासाठी निरोप आहे म्हणते.” बाई जरा थांबली, कोणीतरी शेजारून हळू आवाजात सांगत असावं. “म्हणते, बाबांना घाईने यायला नको सांगा. मी रागावले नाही.”

त्याचा एक बूट पायात होता, एक हातात. बायको विचारत होती, काय म्हणाली, अहो, काय म्हणाली ती. हेच शब्द त्याने दुपारी त्या बोळात ऐकले होते, आता शेजारच्या खोलीत झोपलेल्या त्या दुसरीच्या तोंडून.